यादीत नसलेला घसा

राजूर,
२४ ऑगस्ट २०२५

प्रिय निवू,

सप्रेम नमस्कार. मी बरी आहे, असं लिहायची हाताला सवय आहे म्हणून लिहिलं. घशात गाठी निघाल्यात. संगमनेरच्या डॉक्टरांनी पंधरा दिवस एक अक्षर बोलायचं नाही, असं बजावलंय. फोनवर बोलायची सोय राहिली नाही, म्हणून हे पत्र. व्हॉट्सअपवर लिहिलं असतं, पण तिथे तू अर्ध्यातच उत्तर द्यायला लागतेस आणि मला हे शेवटपर्यंत लिहायचंय.

जूनपासून पाऊस शाळेच्या पत्र्यावर ताशा बडवतोय. शिक्षक आम्ही दोघं. त्यातले आबासाहेब सर निम्मा महिना तालुक्याला मीटिंगमध्ये. चार वर्ग एका खोलीत घेऊन मी पावसाच्या वरताण ओरडते. बुधवारी खिचडी शिजवणाऱ्या राहीबाई म्हणाल्या, "बाई, तुमचा आवाज लई बसलाय. तुमी हातवारं करा, आमी म्हनतो पाढं." आणि त्यांनी खरंच बेचा पाढा सुरू केला. पोरं त्यांच्यामागे इतक्या मोठ्यानं म्हणाली, जितक्या मोठ्यानं माझ्यामागे कधी म्हणत नाहीत. मला त्यांचाही राग आला. हल्ली मला कुणाचंही बरं झालेलं बघवत नाही.

तुझं तर नाहीच नाही. नेवाशात घरून चालत दहा मिनिटांवर शाळा, डोक्यावर स्लॅब, हाताखाली एकच वर्ग. मधल्या सुट्टीत घरी येऊन गरम भाकरी खातेस, त्याचा फोटो टाकला होतास. तो मी किती वेळा उघडून पाहिला, हे सांगायची लाज वाटते.

डी.एड.ला आपण एका बाकावर बसलो, नोकरीला एका महिन्यात लागलो, या डोंगरात सात वर्षं एका खोलीत राहिलो. मग तुझ्या हृदयाची झडप बदलावी लागली आणि गंभीर आजाराच्या संवर्गातून तुझी बदली झाली. ती आजारांची यादी मी दोनदा वाचली. हृदय आहे, मूत्रपिंड आहे, कर्करोग आहे. घसा नाही. बाईंचा घसाच तर बसलाय, त्यात काय एवढं! तेव्हा माझ्या मनात आलं, आपलीही एखादी झडप खराब निघाली असती तर बरं झालं असतं. मैत्रिणीच्या आजाराचा हेवा करणारी बाई तू कधी पाहिली नसशील.

गुरुवारी तुझा फोन आला. "ज्ञाना, कुणीतरी निनावी अर्ज टाकलाय गं. माझं प्रमाणपत्र बोगस आहे म्हणून. एक तारखेला पुन्हा तपासणीला बोलावलंय. बदली रद्द करतील म्हणतात. मला आता तो घाट झेपायचा नाही." तू रडत होतीस. मी काहीच बोलले नाही आणि मागाहून मेसेज केला की डॉक्टरांनी मौन सांगितलंय. डॉक्टरांकडे मी शुक्रवारी गेले, निवू. गुरुवारी घोगरा का होईना, मला आवाज होता.

अर्ज मी केला. माझं अक्षर कुणीही ओळखेल म्हणून डाव्या हातानं लिहिला. ऑपरेशननंतर महिनाभर मीच तुला आंघोळ घालत होते. छातीवरचे टाके दिसू नयेत म्हणून तू डोळे मिटून बसायचीस. मला ते रोज दिसायचे. तरी मी "बोगस" लिहिलं. आणि लिहिताना बरं वाटलं. आता खोटं कशाला बोलू.

सोबत एक कागद आहे. अर्ज मी केला, मजकूर खोटा आहे आणि तो खोटा असल्याचं मला तेव्हाही माहीत होतं, एवढंच त्यात लिहिलंय. खाली नाव, शाळा, सही. खरं तर तो मी परस्पर कार्यालयात पाठवायला हवा होता. पाकिटावर पत्ताही घातला होता, पण धीर झाला नाही.

एक तारखेला तो साहेबांसमोर ठेव. तुझं प्रकरण मिटेल, माझं सुरू होईल. मला वाचवायला म्हणून फाडून टाकू नकोस. तू ते करशील, मी तुला ओळखते. पण तसं केलंस तर तू पुन्हा माझ्यापेक्षा चांगली ठरशील, आणि मी त्याचाही हेवा करीन.

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क घालवून बसलेली,
ज्ञानेश्वरी