शेवटचा दिवस कापायचा

४ फेब्रुवारी
गेलेल्या माणसाचा आवाज परत ऐकवला, तर घरच्यांचं दुःख हलकं होतं की नुसतं लांबतं? मुलाखतीत हे विचारलं होतं. मला उत्तर आलं नाही, आजही येत नाही. तरी नोकरी मिळाली! घरातली पहिली पदवीधर कामाला लागली म्हणून बाबांनी माझं ओळखपत्र शेजारीपाजारी दाखवून आणलं.

घरचे लोक गेलेल्या माणसाचे व्हॉइस मेसेज आणून देतात. त्यांतून यंत्र आवाज घडवतं आणि तो आवाज फोनवर बोलतो, उत्तरंही देतो. माझ्याकडे साफसफाई: खोकला, पंख्याची घरघर, भांड्यांचा आवाज काढायचा. आमच्या मॅडमनी एकच नियम पुन्हा पुन्हा बजावला. शेवटच्या दिवसाचं काहीही ठेवायचं नाही. आपण गेलो, हे आवाजाला कळता कामा नये.

११ फेब्रुवारी
आज एका आजोबांना त्यांच्या बायकोचा आवाज दिला. तिने आल्या आल्या विचारलं, चष्मा पुन्हा कुठे ठेवलात? आजोबा हसले आणि खुर्चीतच बसून राहिले. सगळ्यांचे डोळे भरले. माझे नाही. धाकटा भाऊ गेल्यापासून असंच आहे. दाताच्या डॉक्टरांनी सुई दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं.

१९ फेब्रुवारी
जेवणाच्या सुट्टीत धाकट्याचे मेसेज यंत्रात घातले. शेवटचा कापला नाही. त्यात तो म्हणतो, ताई, रस्ता ओलांडतोय, पोचलोच. मग हॉर्न. त्याचं शेवटचं वाक्य माझ्या हाताने पुसवेना.

फोन लावून नोकरीचं सांगितलं, तर त्याने मला पदवीबाई म्हटलं. साहेब झालीस, आता तरी माझी चप्पल घालणं सोड, म्हणाला. मी किती दिवसांनी हसले.

मग त्याने विचारलं, हॉर्न कोणी वाजवला होता?

२२ फेब्रुवारी
सांगितलं. बाबांनी तक्रार मागे घेतल्यावर गाडी चालवणारा तो माणूस सुटला, हेही. धाकट्याने त्याचा नंबर मागितला. तक्रारीच्या कागदांवर होता, दिला. त्या माणसाने घाबरावं, एवढंच मला हवं होतं.

२५ फेब्रुवारी
तो माणूस गेला. स्वतःच्या दारात, उभ्या गाडीत, फोन कानाला. गाडीवर ओरखडा नाही. छाती मात्र धडक बसल्यासारखी मोडलेली. शेजाऱ्यांनी हॉर्न ऐकला म्हणे.
मला काही वाटलं नाही. जेवले, झोपले.

२६ फेब्रुवारी
धाकटा म्हणाला, आता बाबा. तक्रार त्यांनीच मागे घेतली ना?
मी म्हटलं, थकले होते रे ते, कोर्टाच्या खेपा झेपेनात.
तो म्हणाला, बोलायचंय फक्त.

२७ फेब्रुवारी
शेवटचा मेसेज काढला. मग सगळाच आवाज पुसला. यंत्र बंद केलं.
तरी त्याचा फोन येतोय. माझ्या फोनमधली नावं एकेक वाचून दाखवतोय. आई म्हणाला, आत्या म्हणाला. बाबांपर्यंत आला की थांबतो, हसतो—

२८ फेब्रुवारी
बाबांचा नंबर माझ्या फोनमधून सकाळीच पुसला. त्यांच्या नावापुढे ऑफिसातल्या माझ्या टेबलावरच्या फोनचा घातला. बाबा घरी आहेत. मॅडमना बाहेर पाठवलं.

वाजतोय.

गाल ओले झालेत. पहिल्यांदाच—

उचललाय. एका हाताने लिहितेय. तो म्हणतोय, बाबा?
मी म्हटलं, बाबा नाहीत रे. मी आहे, ताई. बोल.
त्याच्या मागे रस्ता ऐकू येतोय. कुणीतरी ओलांड—