मोराची उलटी बाजू

बंगळूर, १२ ऑगस्ट २००६

ती. अण्णा, तुम्हाला आणि मागाशेजारी रेशमाच्या कांड्या भरत बसलेल्या आईला नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. येवल्यात पाऊस कसा आहे?

दवाखान्यांचं ते सॉफ्टवेअर मी वर्षभर खपून उभं केलं, ते आमचे साहेब स्वतःचं म्हणून मिरवत होते. सोमवारी मोठ्या गिऱ्हाइकासमोर तेच दाखवायला उभे राहिले.

पैठणीचा पदर उलटा करून बघा, खरी हातमागाची असेल तर मोर दोन्हीकडून सारखाच दिसेल, असं तुम्ही गिऱ्हाइकाला सांगता ना? मीही तेच केलं. हात वर केला आणि गोड आवाजात विचारलं, "सर, नर्सने चुकीचं औषध नोंदवलं, तर ते मागे कसं घ्यायचं, दाखवता का?"

त्यांना येईना. मला पुढे येऊन दाखवायची खूण केली. मी जागची हलले नाही. गिऱ्हाईक उठून गेलं.

तेव्हापासून साहेब माझ्याशी बोलत नाहीत. दिवाळीला कदाचित लवकर येईन आणि जरा जास्तच राहीन. आईला एवढ्यात सांगू नका.

गंगापूर रोडचे पैठणीवाले शेठ तुम्ही विणलेले मोर अजून स्वतःची कारागिरी म्हणून विकतात का? घरी आले की मी त्यांच्या दुकानात जाणार आहे, गिऱ्हाईक म्हणून. दुकान भरलेलं असेल तेव्हाच.

तुमच्याइतकी सोशिक नसलेली,
तुमची तृप्ती