एक ओळ वाचली, तर सगळं पत्र

३ मार्च
ती. ताईस, धाकट्याचा सा. न. वि. वि.
काल सभागृहात वृत्तान्त लिहायला तूच होतीस, म्हणजे सगळं पाहिलंस. साहेबांनी पुलाच्या इंजिनिअरचं पत्र वाचलं आणि विरोधक उठले: मंत्र्यांनी पत्रातून वाचलं, आता ते सगळं पत्र सभागृहाच्या पटलावर, सर्वांपुढे ठेवा. नियम तसाच आहे. नुसता आशय सांगितला असता तर ठेवावं लागलं नसतं. चूक माझी. त्यांचा सचिव म्हणून मी आशयाची एका ओळीची चिठ्ठी द्यायची होती, पण घाईत मूळ पत्रच फाइलला लावलं.
शुक्रवारी अध्यक्ष तुझा वृत्तान्त पाहून निर्णय देतील. ‘वाचून दाखवले’च्या जागी ‘आशय सांगितला’ एवढं कर. लहानपणी माझ्या खोड्या झाकायचीस, तशी ही एक झाक. नाहीतर माझी खुर्ची गेली.
तुझा लोभ आहेच, तो आता कामी येऊ दे.
धाकटा

४ मार्च
चि. धाकट्यास, अ. उ. आशीर्वाद.
नाही. साहेबांनी ‘पूल भक्कम आहे’ एवढंच वाचलं. पुढचं वाक्य तू मलाही लिहिलं नाहीस. तुझ्या बायकोला फोन केला तेव्हा ती सहज बोलून गेली, की महिनाभर तू लेकीची शाळेची बस बंद केली आहेस आणि वळसा घालून स्वतः सोडतोस. पुढचं वाक्य कळलं मला. बाकीच्यांची पोरं पुलावरूनच जातात, रे.
हे लिहिताना मला खरंच राग आलाय, की मोठेपणा मिरवायचाय, ते तपासलं. दोन्ही आहे. तरी नाही.
लेकीला माझा पापा. तुला सध्या नुसतं पत्र.
ताई

७ मार्च
ताई,
नमस्कार गृहीत धर. पत्र पटलावर आलं, पूल बंद झाला, मला जुन्या फाइलींच्या खोलीत बसवलंय. इथवर ठीक. पण मी तुला गळ घातली, हे तुझ्या वरिष्ठांना सांगायची काय गरज होती? सख्ख्या बहिणीने केसाने गळा कापला. माझं ते पत्र फाडून टाक, नाहीतर उरलीसुरली नोकरीही जाईल.
धाकटा

८ मार्च
धाकट्या,
त्यांनी विचारलं, वृत्तान्त बदलायला कुणी सांगितलं का. हो म्हटलं, आणि तुझ्या पत्रातली एक ओळ वाचून दाखवली. खोड्यांची ओळ गाळली, तुझी दया आली म्हणून की माझी लाज वाटली म्हणून, अजून ठरत नाही. ते म्हणाले, “बाई, एक ओळ वाचलीत, आता पत्र ठेवा.”
ठेवलं. सगळं.
राग असू दे, पण लिहीत जा. मात्र जे लिहिशील ते दाखवावं लागेल, हे धरून लिही.
ताई