तांडेलकाकांचा बझर

मंगळवार, संध्याकाळ. पनवेल.

डोक्यातून तो बझर जात नाहीये. सकाळी तांडेलकाकांनी, आमच्या सगळ्यांत जुन्या लेथ ऑपरेटरनी, तक्रार केली, "साहेब, अलार्मचा बझर वाजत नाय." पॅनल उघडलं, वायरिंग ठीक. मुद्दाम अलार्म दिला, तर बझर असा बोंबलला की पलीकडच्या मशीनवरचे लोक वळून बघायला लागले. काका मात्र माझ्याकडे बघत म्हणाले, "पटलं ना? मेलाय तो."

मी मान हलवली, शेजारी लाल दिवा जोडून दिला. मॅनेजरला सांगितलं तर काकांना मशीनवरून काढतील. नाही सांगितलं आणि काही झालं तर? कानाच्या डॉक्टरकडे मीच नेईन त्यांना. पण विषय काढू कसा?

दिवा पेटला तसे काका खूश. "यो बरा हाय, साहेब. गुपचूप काम करतो."

बझर मी काढलाच नव्हता. तो दिव्याशेजारी बोंबलत होता.