दोरीवरचे कपडे

दि. ९ जानेवारी

चि. भावजींना,
अ. उ. आ.

इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत म्हणून लिहिते. लेक राहून कालच परत गेली. माझ्याकडेच येऊन राहा म्हणून निघेपर्यंत मागे लागली होती. मी म्हटलं, बघू. तिला सोडून आले, दार लावलं, आणि घर केवढं मोठं आहे ते कळलं. तीनच तर खोल्या.

ह्यांचं कपाट आवरलं. कपडे देऊन टाकले. बूट अजून दाराशी आहेत, त्यांना माझा हात लागत नाही. दुर्बीण मात्र तुम्हाला पाठवणार आहे. तुमचं चष्म्यांचं दुकान, चांगल्या काचांची किंमत तुम्हाला कळते. आणि मला ती डोळ्यांसमोर नको. का ते सांगते, हसू नका.

माणूस म्हणून ह्यांना नाव ठेवायला जागा नव्हती. लेकीच्या वेण्या घातल्या, माझ्या दुखण्यात भांडी घासली, गल्लीतल्या पोरांना झाडं ओळखायला शिकवलं. पण रविवार उजाडला की पाय घरात ठरायचे नाहीत. टेकडीवर जायचे ते जायचेच. त्याचंही काही नव्हतं हो. पण शेजारचे कंपाउंडर ह्यांच्याच सोबत जायचे आणि उन्हं असतानाच घरी येऊन चहा पीत बसायचे. हे यायचे ते पार अंधार पडल्यावर. विचारलं की कंपाउंडर सांगायचे, ते बसलेत शेवटच्या वळणावर, दगडावर, दुर्बिणीतून पक्षी बघत.

घर इतकं जवळ आलेलं असताना माणूस बाहेर बसून राहतो, याचा काय अर्थ घ्यायचा? मी एवढी फटकळ, पण हे ह्यांना कधी विचारलं नाही. आता रिकाम्या घरात तेवढंच डोक्यात घोळत राहतं, की ह्यांना माझ्याकडे परत यायचा कंटाळा होता का. तुम्ही त्यांच्याबरोबर हिंडला आहात. खरं काय ते लिहा. माझी समजूत घालू नका.

लोभ आहेच तुमचा, या वेळी त्याच्यासोबत उत्तरही येऊ द्या.

वहिनी


दि. १८ जानेवारी

ती. वहिनींना,
सा. न. वि. वि.

दुर्बीण पाठवू नका. पाठवलीत तर आल्या पावली परत करीन.

तुमच्याकडे राहून मी चष्म्याचं काम शिकत होतो, तेव्हा दर रविवारी दादाच्या मागे फरफटत जायचो. त्या दगडावर मीही बसलोय. पोटात कावळे ओरडायचे आणि दादा काही केल्या हलायचा नाही. एकदा वैतागून त्याच्या हातातली दुर्बीण ओढून घेतली आणि डोळ्यांना लावली. पक्षी कसला आलाय! समोर तुमची मागची गॅलरी, आणि दोरीवर वाळत घातलेली चादर.

तुम्ही कपडे काढायला कधी येताय, याची वाट बघत बसायचा तो. तुम्ही चिमटे दातांत धरून, मान वाकडी करून एकट्याने चादरीची घडी घालायचात, ते त्याला फार आवडायचं. तुम्ही आत गेलात की दुर्बीण गळ्यात टाकून असा सुटायचा, की मला मागून पळावं लागायचं. घरी जाऊन जवळून बघ ना, असं मी त्याला म्हटलं होतं. त्यावर म्हणाला, जवळून बघितलं की ती विचारते, काय बघताय. आणि मला तंबी होती की तुम्हाला कळता कामा नये. कळलं तर तुम्ही केस विंचरून गॅलरीत याल, मग त्यात काय गंमत, असं त्याचं म्हणणं.

तुम्हाला वाटेल, मी समजूत घालतोय. म्हणून सांगतो, दुर्बीण घ्या आणि एकदा वर जाऊन या. गुडघ्यांचं रडगाणं मला ऐकवू नका, वाट सोपी आहे. मला दादाची फार आठवण येते, वहिनी. इथे माझ्याजवळ त्याला ओळखणारं कोणीच नाही, बोलू कोणाशी?

रागावलात तरी चालेल, लोभ कमी करू नका.

तुमचा भावजी


दि. २ फेब्रुवारी

चि. भावजींना,
अ. उ. आ.

तुमचं पत्र वाचून आधी रागच आला. तुमचा नाही, ह्यांचा. मी काय करायचे ठाऊक आहे? रविवारी संध्याकाळी पुढच्या खिडकीत बसायचे, रस्त्याकडे डोळे लावून. हे येताना दिसतील म्हणून मागच्या गॅलरीत फिरकायचेसुद्धा नाही. अंधारून आलं की संतापून उठायचे आणि तणतणत कपडे काढायला जायचे. म्हणजे मी खिडकीत बसून ह्यांची वाट बघतेय आणि हे दगडावर बसून माझी. मी चिडून जितका उशीर करीन तितका ह्यांना उशीर. एवढ्या वर्षांत दोघांपैकी एकाने तोंड उघडलं असतं तर! मी एकटीच हसत सुटले, आणि मग पुष्कळ रडले.

काल रविवार होता. चादर धुतली, दोरीवर टाकली आणि वर गेले. गुडघे कुरकुरत होते, त्यांना कुरकुरू दिलं. दगड सापडला. दुर्बीण लावता येईना, आधी सगळं पुसटच. मग गॅलरी एकदम समोर आली. चिमटेसुद्धा दिसतात हो.

तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला. लेकीलाही कळवलंय, एवढ्यात घर सोडत नाही.

पण तिथून उठवेना. उन्हं उतरली. आजूबाजूच्या गॅलऱ्यांमधून बायका येऊन आपापले कपडे घेऊन गेल्या. आमची चादर तेवढी दोरीवर राहिली. मी दुर्बीण डोळ्यांना लावून बसून होते. कोणीच आलं नाही काढायला. मग मीच उठले आणि ती घ्यायला खाली आले.

लोभ असू द्या. एखाद्या रविवारी या.

वहिनी