व्हय म्हणायचं नाही

प्रिय आक्का,

उद्या सकाळी देवळात बैठक आहे आणि मला उभं राहून उत्तर द्यायचं आहे. खाडीवरचा नवा पायपूल, आपला साकव, तुझ्या वर्षश्राद्धाच्या दिवशी उघडायचा, असं गावानं मनात धरलंय. त्या दिवशी तुझं नाव घेऊन सगळ्यांनी पलीकडे चालत जायचं. तोवर होईल ना, एवढंच ते विचारतील. असं काही अडलं की मी तुला विचारायची. आता कुणाला विचारू?

दुपारची वेळ आहे. साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत तुझ्या खुर्चीवर बसलेय. कंपनीच्या मालकांनी तुझ्यामागे मला प्रोजेक्ट मॅनेजर केलं, पण खुर्ची काही माझी झाली नाही. बाहेर ओहोटी लागलीय. शेवटच्या दोन खांबांमधला गाळा अजून उघडाच आहे. त्यावर स्लॅब नाही.

तुला पहिल्यांदा हे पद मिळालं तेव्हा बाबांनी काय विचारलं होतं, आठवतं? आयुष्य जहाजावर काढलेला माणूस! म्हणाले, "तू गवंडी न्हय, सेंट्रिंगवाली न्हय, नकशे पण दुसरोच काढता. मगे तू करतस काय गो?" मी हसत सुटले होते. तू मात्र बांगडे साफ करता करता शांतपणे म्हणालीस, "बाबानूं, लग्नात आचारी वेगळो, भटजी वेगळो, मांडववालो वेगळो. पण तांदूळ भिजत घातलास काय, ह्या इचारणारा कोणतरी लागता मा? मी ता इचारतंय." दुसऱ्या दिवशी बाबा आचऱ्याच्या बाजारात जाऊन ज्याला त्याला सांगत सुटले, माझी थोरली इचारण्याचा पगार घेता!

पण विचारायचं कसं, हे तुलाही आधी कुठे येत होतं? तुझं पहिलं काम मासळीच्या लिलावाच्या शेडचं. नारळ फोडला, म्हाताऱ्या मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या जा काम हाती घेतलेला आसा, ता येळेर होवंदे." सगळे एका सुरात ओरडले, "व्हय म्हाराजा!" त्यानंतर तू ज्याला विचारशील तो व्हयच म्हणायचा. खांब होतले? व्हय. पत्रे येतले? व्हय. उद्घाटनाला पाहुणे आले, फीत बांधली, आणि वर पत्रेच नाहीत! ज्याला त्याला वाटत होतं, दुसऱ्यानं सांगितले असतील. पाहुणे डोक्यावर रुमाल टाकून उन्हात बसले होते आणि तू फणसाच्या झाडामागे जाऊन रडलीस.

त्या दिवसापासून तुझ्या साइटवर 'व्हय' बंद झालं. कुणी म्हणालाच तर तू तिथेच अडवायचीस. "व्हय सांगू नको. कोण करतलो, कधी करतलो, आडवा काय येतला, ता सांग." तिसऱ्या प्रश्नाला माणसं चाचरायची. आपल्याकडे वाईट बोलून दाखवणं म्हणजे अपशकुनच ना! पण तुझं म्हणणं एकच. अडचण आधी कळली तर वाट काढता येते, मागाहून कळली तर नुसतं रडता येतं. पुढे पुढे तू गाऱ्हाणं घालणाऱ्या म्हाताऱ्यांच्या कानाशी लागायचीस आणि तेही देवाला सांगायचे, वाळू उशिरा येतली म्हाराजा, गवंडी लग्नसराईत गावाक जातले म्हाराजा. लोक हसायचे. देवाला मात्र सगळं नीट कळायचं.

मी तुझ्या हाताखाली नवी होते तेव्हा मला चुलीपाशी नेऊन दाखवलं होतंस. तीन दगड. एक काम, एक वेळ, एक पैसा. "ह्यातलो एक दगड सरकवलंस तर बाकीचे दोन सरकवूचे लागतत. नायतर टोप कलंडलो!" मी म्हटलं, आणि टोपात काय? तू म्हणालीस, "माणसां." मला तेव्हा ते जरा नाटकीच वाटलं होतं.

साकवाचं काम आलं तेव्हा सगळे तुला म्हणाले, आधी सरपंचांकडे जा. तू गेलीस होडीवाल्या पांडूतात्यांकडे. कारण साकव झाला की त्यांची होडी बंद. ज्याचं काही जाणार त्याच्याशी आधी बोलायचं, हा तुझा हट्ट. तात्या पहिल्या दिवशी पाठ करून बसले. तू त्यांच्याच होडीतून नुसती येत-जात राहिलीस. शेवटी त्यांनीच तोंड उघडलं, "माझ्या नातीक पावसात शाळेत जावक मिळना नाय. बांध तुझो साकव." मग कुठल्या खांबाशी पाण्याला किती ओढ असते, तेही त्यांनीच होडी थांबवून दाखवलं.

एवढं सगळं शिकवलंस आक्का, मग स्वतःच्या वेळी काय झालं तुला?

तुझं पोट दुखायचं. जेवण कमी झालं होतं. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? म्हणालीस, पित्त. औषध घेतेस? व्हय. बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, "बरा वाटता मा गो?" तू म्हणायचीस, व्हय. किती सहज! खांब पाण्याबाहेर येईपर्यंत तुला साइट सोडायची नव्हती, हे मला नंतर कळलं. शिमग्याला खांब वर आले. मग तुला गोव्याला नेलं आणि डॉक्टरांनी रिपोर्ट बघून आम्हालाच विचारलं, इतके दिवस कुठे होतात? वैशाखात तू गेलीस.

मला राग आहे तुझा. अजून आहे. गवंड्याला सर्दी झाली तरी त्याच्या जागी कोण येणार, हे तू आधी ठरवायचीस. तुझ्या जागी कोण येणार होतं? बाबांची मुलगी म्हणून, माझी आक्का म्हणून कोण येणार होतं? कामाला मी आले गं. बाकीच्या जागा तशाच आहेत.

आता शेवटच्या गाळ्याचं ऐक. चैत्रातल्या उधाणानं खालचे टेकू उपटून नेले, फळ्या खाडीत वाहून गेल्या. पुन्हा टेकू लावून स्लॅब टाकायला आठवडा हवा. त्यानंतर तो महिनाभर ओला ठेवून टेकूंवरच राहू द्यायला हवा. वर्षश्राद्ध तर जेमतेम तीन आठवड्यांवर आलंय आणि त्याच्या पाठोपाठ पाऊस. खाडीला लोंढा आला की चिखलातले टेकू पहिले जातील. म्हणजे हा गाळा आता टाकायचाच नाही. तो दसऱ्यानंतर. अजून एक पावसाळा होडी.

मालक म्हणतात, आत्ताच स्लॅब टाक, खाली टेकू असू देत, एक दिवसापुरता उघडू, लोक दोन पावलं चालतील. पांडूतात्यासुद्धा काल येऊन बसले. "चेडवा, व्हय म्हणान टाक. तिच्या नावान एक दिस." ज्यांची होडी बंद होणार तेच हे म्हणतात! आणि खरं सांगू? मलाही तेच हवंय. त्या दिवशी तुझ्या फोटोला हार घालून बाबांचा हात धरून पलीकडे जायचं, हे मी मनात इतक्यांदा केलंय की ते झालंच आहे असं वाटतं. पण त्या कच्च्या स्लॅबवर ढोल-ताशांसकट अख्खा गाव उभा राहील. नातीला घेऊन तात्या उभे राहतील.

बाबांना कसं सांगायचं, हेच मोठं होतं. त्यांनी सदरा शिवून घेतलाय त्या दिवसासाठी. रोज सकाळी मला विचारतात, "तवसर साकव होतलो मा?" मी काहीतरी पुटपुटून निघते. आज नाही निघाले. त्यांच्यासमोर खाली बसले आणि म्हटलं, "नाय बाबानूं. तिच्या दिसाक साकव होवचो नाय. पावसाआधी पण होवचो नाय." आणि का, तेही सगळं सांगितलं.

ते हातातली काठी फिरवत राहिले. मग म्हणाले, "थोरल्येन माका रोज व्हय सांगल्यान. तू नाय सांगलंस. बरा केलंस गो." आणि सदरा घडी करून पेटीत ठेवायला उठले. मी तिथेच बसून राहिले.

आक्का, तुला शब्द देते. उद्या बैठकीत मी नाही म्हणेन. कोण करणार, कधी करणार, आडवं काय येणार, सगळं सांगेन, शिव्या खाईन, पण कुणालाही कच्च्या स्लॅबवर उभं करणार नाही. तुझ्या श्राद्धाला आम्ही तात्यांच्या होडीतूनच पलीकडे जाऊ. दसऱ्यानंतर गाऱ्हाणं होईल तेव्हा आडवं येणारं सगळं देवाच्या कानावर घालेन आणि मगच व्हय म्हाराजा म्हणेन.

आणि अजून एक. तू गेल्यापासून जो तो मला विचारतो, "बरी आसस मा?" मी पण तुझ्यासारखीच व्हय म्हणत आलेय. आता नाही म्हणणार. सुरुवात तुझ्यापासूनच करते. मी बरी नाय गो आक्का.

तुझी धाकटी,
शालू