बाहुल्यांच्या शाली

१२ डिसेंबर

ती. ताईस, धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

बाहुल्यांची पोती सुखरूप पोचली. भाओजींच्या मापाच्या बाहुल्याचं पोट तू भलतंच मनापासून भरलंयस. माझ्या मापाची मात्र चापून बारीक केलीस, ही माया समजली.

नगरपालिकेने बेघरांचा रात्रनिवारा कुलूप लावून बंद केलाय. त्याच्याच दारासमोर, फुटपाथवर, सगळ्या बाहुल्या तोंडावर चादरी ओढून निजवल्या. 'निवारा उघडा' एवढीच पाटी. परवा एका बाईने रडत रडत स्वतःची शाल एकीवर पांघरली, मग रीघच लागली. थंडीही कडाक्याची आहे. आणि ताई, कलादालनाने येत्या सोमवारी प्रदर्शनासाठी बाहुल्या मागवल्यात! इतकी वर्षं ब्रश झिजवले त्याचं चीज झालं.

लोभ आहेच, वर थोडं कौतुकही पाठव.

तुझी धाकटी

१५ डिसेंबर

चि. धाकटीस, ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र दुकानात गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं. त्या नादात एकीच्या ब्लाउजची बाही उलटी जोडली. पोटाचं तुझ्या भाओजींना कळलं. दोन दिवस अर्धपोटी जेवले, तिसऱ्या दिवशी राग गेला.

एक खटकलं. मापं सगळी घरच्यांचीच का पाठवलीस? आणि कुलूप लागल्यावर तिथली माणसं गेली कुठे? पत्रभर शोधली, सापडली नाहीत.

जिवाला जप.

तुझी ताई

१९ डिसेंबर

ती. ताईस, शि. सा. न.

माणसं सापडली, निदान एक तरी. तोंड दाखवायला जागा नाही, म्हणून लिहितेय.

सोमवारी सकाळी टेम्पो घेऊन गेले. ड्रायव्हरने खांदे धरले, मी पाय. भाओजी एवढे जड कसे झाले, म्हणून मी हसत होते. तेवढ्यात चादरीखालून आवाज आला, माफ करा, उठतो. ताई, माफी त्याने मागितली!

म्हातारा आहे, पूर्वी घरं रंगवायचा. म्हणाला, बाहुल्यांत निजलं की पोलीस हुसकावत नाहीत, कोणी लाथ घालत नाही, उलट लोक पाय न वाजवता जातात. दोन्हीकडच्या बाहुल्यांवर शालींची थप्पी, आणि त्याच्यावर एक विरलेली चादर. शाल का घेतली नाहीस, म्हणून विचारलं. म्हणाला, ती त्यांना दिलेली आहे, मी घेतली तर चोरी होईल. वाऱ्याने सरकल्या की नीट तोच करायचा म्हणे.

लोकांना पाझर फोडायला निघाले होते, आणि सगळी दया चिंध्या-कापसावर सांडली. तिथल्या माणसांची मापं घ्यायला संकोच वाटला, असं तुला लिहिणार होते. खरं सांगते, जवळ जायची किळस वाटली होती.

टेम्पो रिकामा परत पाठवला. दालनवाले गुरुवारपर्यंत थांबतील. बाहुल्या नेल्या तर त्याची जागा जाते, न नेल्या तर माझी. आणि न्याव्यात असं अजूनही वाटतंय, याचीच जास्त लाज वाटते.

लायकी नसली तरी लोभ असू दे.

धाकटी

२१ डिसेंबर

चि. धाकटीस, अ. उ. आ.

रडून झालं असेल तर ऐक. बाहुल्या माझ्याही हातच्या आहेत, हलवायच्या नाहीत. घरच्यांची मापं आली तेव्हा मलाही हायसं वाटलं होतं. अनोळखी अंगांचा विचार करायला नको. तेव्हा लाज अर्धी माझी.

त्याची मापं पाठव, जाड अस्तराचा कोट शिवते. अंदाजाने नको. विचार, टेप लाव.

तुझी ताई

२४ डिसेंबर

ती. ताईस, शि. सा. न.

मापं सोबत आहेत. त्याला आतून बटणाचा खिसा हवाय आणि रंग मळखाऊ. फार नवा दिसला तर कोणी ओढून नेईल. बाही जरा लांब ठेव म्हणाला. तुझ्या कुठल्याही गिऱ्हाइकाइतकाच चोखंदळ आहे.

दालनाला नाही म्हणून कळवलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ भिंतीकडे बघत बसले, तेही लिहून टाकते.

शाली आम्ही दोघांनी उतरवल्या, त्याच्या निवाऱ्यातल्या सोबत्यांना वाटायला. भाओजींच्या अंगावरची एक मात्र त्याने राहू दिली.

मग टेप काढला आणि म्हटलं, आता हात लावते हं. त्याने दोन्ही हात पसरले आणि मान दुसरीकडे वळवली. या वेळी आधी सांगितलंत, बरं केलंत, एवढंच म्हणाला.

धाकटी